पावसाळ्यातला प्लेग : बेळगाव-निपाणी पट्ट्यातील शहरी साथींचे शास्त्र

ग्रंथिक प्लेग हा मुळात उंदरांचा रोग आहे. उंदरांमध्ये साथ पसरते, उंदीर मरतात, त्यांच्या अंगावरच्या पिसवा उपाशी पडतात आणि मग माणसाकडे वळतात. शहरातल्या प्लेगचे शास्त्र या चार पायऱ्यांवर उभे आहे, आणि प्रत्येक पायरीवर हवा, घर, धान्य व वाहतूक यांचा हात असतो. बेळगाव, शहापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या पट्ट्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा रोग शिरला आणि पुढची काही दशके पुन्हा पुन्हा येत राहिला. तो का आला, वर्षाच्या ठरावीक महिन्यांतच का आला आणि शेवटी का ओसरला, यांची उत्तरे याच मुलखाच्या हवेत, घरांत आणि बाजारपेठांत सापडतात.

रोगाचा जिवाणू १८९४ साली हाँगकाँगच्या साथीत अलेक्झांडर येर्सिन यांनी ओळखला. त्याच सुमारास जपानी संशोधक कितासातो हेही तिथे काम करत होते. जिवाणूला पुढे येर्सिनिया पेस्टिस हे नाव मिळाले. बाधित पिसू चावल्यावर साधारण दोन ते सहा दिवसांत थंडी वाजून जोराचा ताप भरतो, डोके ठणकते, बोलणे अडखळते आणि चाव्याजवळची रसग्रंथी सुजते. अनवाणी वावरणाऱ्या समाजात चावे बहुधा पायांना होत, म्हणून गाठ जांघेत येई. हाताला चावा झाला तर काखेत. औषध नसण्याच्या काळात निम्म्याहून अधिक रोगी दगावत. जिवाणू फुप्फुसात पोहोचला तर खोकल्यातून एका माणसाकडून दुसऱ्याकडे रोग जाऊ शकतो, पण भारतातल्या साथींत हा प्रकार अगदी थोडा होता. गाठीचा रोगी सहसा शेजाऱ्याला रोग देत नाही. १८९७ च्या सरकारी यंत्रणेला हे ठाऊक असते, तर रोग्यांना घरांतून पकडून विलगीकरणात नेण्यावर खर्ची पडलेली शक्ती आणि त्यातून उसळलेला संताप, दोन्ही वाचले असते.

पिसवेच्या पोटात जे घडते ते १९१४ मध्ये आर्थर बॅकॉट आणि चार्ल्स मार्टिन यांनी दाखवले. जठराच्या तोंडाशी असलेल्या झडपेत जिवाणूंचा गठ्ठा साचतो आणि वाट बंद होते. शोषलेले रक्त पोटात उतरत नाही. भुकेने व्याकूळ पिसू पुन्हा पुन्हा चावते आणि दर चाव्याला अडकलेले रक्त जिवाणूंसह जखमेत परत ओकते. हा गठ्ठा किती टिकतो ते तापमानावर अवलंबून असते. हवा फार तापली की तो विरघळण्याकडे कल असतो. बेळगावच्या प्लेगचे ऋतुमान समजण्यासाठी ही बारीकशी गोष्ट फार महत्त्वाची आहे.

या मुलखाला प्लेग अगदीच अनोळखी नव्हता. औरंगजेबाने १६८६ मध्ये विजापूर घेतल्यानंतर तीनच वर्षांत, १६८९ च्या सुमारास, तिथे गाठींच्या तापाची भयंकर साथ आली. खाफी खानाने तिचे वर्णन करून ठेवले आहे. मात्र आधुनिक साथ आली ती समुद्रावरून. २३ सप्टेंबर १८९६ रोजी डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे निदान केले. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींची वस्ती. बंदराला लागून धान्याची कोठारे, कोठारांवर माणसांची दाट वस्ती आणि खाली गटारे, अशी ती रचना उंदरांच्या वाढीला सर्वार्थाने अनुकूल होती.

मुंबईतून माणसे लाखांनी बाहेर पडली आणि रोग रेल्वेमार्गांनी पसरला. पुणे, मिरज, बेळगाव, लोंढा, धारवाड, हुबळी यांना जोडणारा सदर्न मराठा रेल्वेचा मार्ग तेव्हा सुरू होऊन थोडीच वर्षे झाली होती. १८९१ पासून मिरजेहून कोल्हापूरलाही गाडी जात होती. १८९८ मध्ये हुबळी या मार्गावरचे सर्वांत होरपळलेले शहर ठरले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये प्लेग रेल्वेनेच बंगळूरला पोहोचला. उंदीर स्वतःहून फार लांब जात नाही. आपल्या बिळाच्या आसपासच तो वावरतो. लांबचा पल्ला मारतात त्या धान्याच्या गोणी, अंथरुणाच्या वळकट्या आणि त्यांत दडलेल्या पिसवा. योग्य हवा मिळाली तर उंदराविना पिसू कित्येक दिवस जगते. त्यामुळे ठिकठिकाणच्या स्थानकांवर प्रवाशांची नाडी आणि काखा तपासणाऱ्या डॉक्टरांच्या नजरेतून रोगाचा खरा वाहक निसटून जात होता. तो मालडब्यात होता.

निपाणीला रेल्वे नव्हती. पण पुणे-बंगळूर रस्त्यावरची ही मोठी पेठ होती आणि फोंडा घाटातून कोकणात उतरणारा रस्ताही तिला येऊन मिळत होता. तंबाखूचा व्यापार ही निपाणीची ओळख. तंबाखू उंदराच्या खाण्याची वस्तू नाही, पण तंबाखू घेऊन आलेली गाडी परतताना धान्य, गूळ, पेंड भरून जाते. आठवड्याच्या बाजारावर आजूबाजूची कितीतरी खेडी अवलंबून असत. अशा पेठेत रोग आला की तो चाकोरीच्या वाटेने खेड्यांत उतरतो. तिथे साथ लहान असते, वस्तीतले उंदीर संपले की थांबते. मोठ्या पेठेत मात्र उंदरांची संख्या पुरेशी असल्याने ती रेंगाळते, आणि पुढच्या हंगामात तिथूनच पुन्हा बाहेर पडते. शहर आणि खेडे यांच्यातला हा फरक साथरोगशास्त्राच्या दृष्टीने मूलभूत आहे.

पिसवेचा संबंध पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत प्रयोगाने दाखवला होता, तरी त्यावर विश्वास बसायला बरीच वर्षे गेली. शंका फिटली ती १९०५ पासून काम करणाऱ्या प्लेग संशोधन आयोगामुळे. परळच्या प्रयोगशाळेत आयोगाने छोट्या कोठड्या बांधल्या. काहींवर देशी कौले, काहींवर मंगळूरी कौले, काहींवर पत्रा, अशी छपरे घातली. देशी कौलांच्या थरांत उंदीर घर करतात. पत्र्याच्या छपरात त्यांना जागा मिळत नाही. कोठडीत गिनी पिग सोडून पाहिले. बाधित आणि निरोगी प्राणी एकत्र ठेवले, पण पिसवा नव्हत्या, तेव्हा रोग पसरला नाही. पिसवा असल्या की पसरला. जमिनीपासून दोन फुटांवर टांगलेल्या पिंजऱ्यातले प्राणी वाचले, दोन इंचांवर टांगलेले मेले; कारण पिसू काही इंचांचीच उडी मारू शकते. या साध्या प्रयोगांचा दर्जा आजही मान तुकवायला लावणारा आहे. दूषित हवा, दूषित जमीन, दूषित धान्य अशा अनेक कल्पना त्यांनी एकाच वेळी निकालात काढल्या.

याच आयोगाने १९०८-०९ मध्ये बेळगावात निरीक्षणे केली आणि त्यांचा वृत्तान्त १९१० साली जर्नल ऑफ हायजीन या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मुंबई, पंजाबातील खेडी आणि पुणे यांच्या जोडीला बेळगावची निवड व्हावी, याला अर्थ होता. ही ठिकाणे ज्या तीन प्रदेशांतली, त्यांत प्लेगचे महिने वेगवेगळे होते. मुंबईत साथ जानेवारीत चढे, मार्चच्या आसपास कळस गाठे आणि पावसाळ्यात जवळपास नाहीशी होई. पंजाबात मार्च ते मे हे मरणाचे महिने. पुणे, बेळगाव, धारवाड या दख्खनच्या पठारावर मात्र पाऊस सुरू झाल्यावर रोग डोके वर काढी आणि दिवाळीच्या मागेपुढे तो सर्वाधिक बळी घेई. उन्हाळ्यात तो जवळजवळ थांबत असे. जिवाणू एक, पिसवेची जात बहुतांशी एक, घरउंदीरही सगळीकडे. मग दिनदर्शिका वेगळी का?

उत्तर हवेत आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर आहे. मार्च ते मे इथली हवा तापलेली आणि कोरडी असते. मोकळी पडलेली पिसू अशा हवेत लवकर सुकून मरते आणि तिच्या अळ्या जगत नाहीत. जूनमध्ये सह्याद्री ओलांडून पाऊस येतो, तापमान एकदम उतरते आणि चार महिने हवा ओलसर, थंड राहते. पिसवांची पैदास होते, उपाशी पिसू जास्त दिवस तग धरते, झडपेतला गठ्ठाही टिकतो. मुंबईची हवा पावसाळ्यात ओलसर असते, पण पुरेशी थंड नसते. तिथे हिवाळा आणि वसंताचा आरंभ पिसवेला मानवतो. पंजाबात हिवाळा फार कडक आणि उन्हाळा फार जळजळीत, म्हणून मधले महिने उरतात. सेंट जॉन ब्रुक्स यांनी १९१७ मध्ये भारतातल्या नोंदी तपासून हा नियम आकड्यांत मांडला: सरासरी तापमान ८० अंश फॅरनहाइटच्या वर गेले आणि त्याच वेळी हवेचा कोरडेपणा ठरावीक मर्यादेपलीकडे वाढला, की साथ टिकत नाही. या एका नियमाने तिन्ही प्रदेशांच्या दिनदर्शिकेचा मोठा भाग उलगडतो.

हवेच्या जोडीला शेतीचा क्रम असतो. पावसाळ्यात शेतातली बिळे पाण्याने भरतात आणि रानउंदीर गावठाणाकडे सरकतात. घरातल्या कणग्यांत बियाणे आणि खाण्याचे धान्य असते. माणसे, गुरे, जळण आणि वैरण एका छपराखाली येतात. बेळगावच्या जुन्या गल्ल्यांतली कौलारू घरे एकमेकांना लागून, भिंती मातीच्या, वर माळा, मागे गोठा. माळ्यावरून माळ्यावर जाणाऱ्या काळ्या घरउंदराला रस्त्यावर उतरण्याची गरजच पडत नाही. मुंबईत गटारांतला मोठा तपकिरी उंदीर रोग पसरवण्यात पुढे होता. तो मेला की त्याच्या मागोमाग घरउंदरात रोग येई. पठारावरच्या गावांत घरउंदीरच मुख्य होता, म्हणजे रोगाचे मूळ थेट झोपायच्या खोलीच्या डोक्यावर होते. रविवार पेठेसारख्या घाऊक धान्याच्या भागाचा यात मोठा वाटा असणे स्वाभाविक होते. तिथे उंदरांची संख्या धान्याच्या आवकेबरोबर वाढते.

बेळगावची आणखी एक अडचण प्रशासनाची होती. नगरपालिकेची हद्द एक, छावणीची दुसरी, आणि विणकरांची वस्ती असलेले शहापूर हे सांगली संस्थानचे. निपाणीकडून पुढे गेले की कोल्हापूर संस्थानची हद्द लागे. एका बाजूने घरे रिकामी करवली आणि दुसऱ्या बाजूला बाजार भरलेला राहिला, तर उपाय अर्धाच होतो. घरे एकाला एक लागलेली असताना हद्दीच्या दगडाला रोगाच्या नकाशात काही स्थान नसते. प्लेगच्या नोंदी प्रत्येक हद्दीत वेगळ्या ठेवल्या गेल्यामुळे संपूर्ण शहराची साथ एका आलेखात पाहणेही अवघड झाले. साथीच्या अभ्यासातले हे मोठे नुकसान आहे.

उंदरांचे मरण हीच खरी पूर्वसूचना होती. गावात उंदीर पडू लागले की दहा-पंधरा दिवसांत माणूस आजारी पडतो, हे लोकांना आयोगाच्या आधीपासून अनुभवाने कळले होते आणि आयोगाच्या मोजणीनेही तेच अंतर निघाले. उंदरातली साथ वाढायला, उंदीर मरून पिसवा मोकळ्या व्हायला, त्यांना माणूस गाठायला आणि माणसात ताप उमटायला मिळून एवढा वेळ लागतो. म्हणून उंदीर पडताच गाव सोडून माळावर झोपड्या घालणारी खेडी वाचली. लोकांनी शोधलेला हा उपाय शास्त्राच्या कसोटीला पूर्णपणे उतरला, कारण त्याने माणूस आणि पिसू यांची गाठच तुटते. रोगजंतुनाशकांनी घरे धुण्याच्या सरकारी मोहिमेचे तसे झाले नाही. त्या काळी वापरल्या जाणाऱ्या द्रावणांनी जमिनीवरचे जंतू मरत, पिसवा मरत नसत. शिवाय बिळांत औषध ओतल्याने उंदीर शेजारच्या घरात पळत. पुढे रॉकेलचे मिश्रण फवारायची शिफारस झाली, ती पिसवांना मारणारी म्हणून योग्य होती.

पण बेळगाव भागात गाव सोडण्याचा उपाय ऐन पावसात करावा लागे. मुंबईकराने फेब्रुवारीत शहर सोडले तर उघड्यावर राहता येते. जुलै-ऑगस्टच्या संततधारेत गवताने किंवा उसाच्या पाल्याने शाकारलेल्या झोपडीत लेकराबाळांसह, गुरांसह राहणे म्हणजे हिवताप, हगवण आणि फुप्फुसाचे आजार ओढवून घेणे होते. त्यातच भाताची लावणी, भांगलण ही कामे अडून राहत, आणि बंद घरातल्या धान्याची व भांड्याकुंड्यांची राखण कोणी करायची हा प्रश्न असे. दिवसा घरी फेरी मारून येणारा माणूस पिसवा अंगावर घेऊन झोपडीत परते. गावे वेळेवर का सुटली नाहीत, याचा दोष लोकांच्या अज्ञानाला देणारे अहवाल या अडचणीकडे पाहत नाहीत. हातावर पोट असलेल्या विणकराला किंवा तंबाखूच्या वखारीतल्या मजुराला माळावर जाणे म्हणजे रोजगार सोडणे होते. मृत्यूंचे प्रमाण वस्तीनुसार वेगळे असण्यामागे घराच्या रचनेइतकेच हेही कारण धरावे लागते.

दुसरा उपाय लशीचा. वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेली लस १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. १८९८ मध्ये हुबळीत ल्यूमन या डॉक्टरांच्या देखरेखीखाली तीस हजारांहून अधिक लोकांना लस दिली गेली. एवढ्या मोठ्या प्रमाणावर लस देण्याचा हा जगातल्या आरंभीच्या प्रसंगांपैकी एक. लस घेतलेल्यांत मृत्यू ठळकपणे कमी झाले. मात्र संरक्षण काही महिनेच टिके आणि टोचल्यावर ताप येई. पंजाबात मलकोवाल येथे १९०२ मध्ये लशीची बाटली दूषित होऊन १९ जण धनुर्वाताने दगावले, तेव्हा या कामाला मोठा धक्का बसला. हाफकिन यांच्यावर ठपका आला, तो बऱ्याच वर्षांनी दूर झाला.

उंदीर मारण्याच्या मोहिमा सर्वत्र झाल्या. अमरावतीत काम केलेले ब्युकॅनन हे डॉक्टर तर घरोघरी मांजरे पाळावीत, असा आग्रह धरत. यातला धोका आज स्पष्ट झाला आहे. साथ चालू असताना उंदीर मारले की त्यांच्या पिसवा मोकळ्या होऊन माणसाकडे येतात. मॅट कीलिंग आणि क्रिस्टोफर गिलिगन यांनी २००० साली गणिती प्रतिमानाने दाखवले की उंदरांची संख्या घटलेली असतानाच माणसाला सर्वाधिक धोका असतो. म्हणून आजचा क्रम ठरलेला आहे: आधी पिसवा, मग उंदीर. गणिताचा प्लेगशी संबंध त्याहून जुना आहे. केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांनी १९२७ मध्ये साथींचे प्रसिद्ध समीकरण मांडले, तेव्हा त्यांनी डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ मधले मुंबईतले प्लेगचे मृत्यू वापरले. वक्र सुंदर जुळला. पण त्या समीकरणात उंदीर नव्हता, पिसू नव्हती, ऋतूही नव्हता. आकडे जुळले म्हणजे कारण सापडले असे होत नाही, याचे साथरोगशास्त्रातले हे ठळक उदाहरण मानायला हरकत नाही.

१८९६ पासूनच्या साडेतीन दशकांत भारतात सुमारे १ कोटी २० लाख माणसे प्लेगने मेली. एकट्या १९०७ मध्ये हा आकडा १३ लाखांच्या आसपास होता. त्यानंतर उतार लागला, तो औषधे येण्याच्या आधीच. याचे एक कारण उंदरांत सापडते. वर्षानुवर्षे साथ सोसलेल्या मुंबईच्या उंदरांना जिवाणू टोचला तरी बरेचसे जगत; प्लेगची फारशी झळ न लागलेल्या मद्रासचे उंदीर मात्र पटापट मरत. काटक उंदरांची पिढी उरली आणि रोगाला जळण कमी पडू लागले. मद्रास वाचण्यामागे पिसवेची जातही होती. तिथे रोग नेण्यात कमी पडणारी झेनोप्सिला अॅस्टिया ही जात जास्त होती, मुंबई-दख्खनमध्ये झेनोप्सिला चिओपिस.

शेवटचा टप्पा दुसऱ्या महायुद्धानंतरचा. डी. के. विश्वनाथन यांनी १९४५-४६ मध्ये उत्तर कानडा (कारवार) आणि धारवाड जिल्ह्यांत हिवतापासाठी घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारण्याचे मोठे काम सुरू केले. त्या फवारणीने डासांबरोबर पिसवाही मेल्या. सल्फा औषधे आणि त्यानंतर स्ट्रेप्टोमायसिन आल्याने रोगी वाचू लागले. रेल्वेमार्गावरच्या या जिल्ह्यांतून प्लेग पन्नासच्या दशकाकडे जाताना दिसेनासा झाला.

तरी जिवाणू नष्ट झालेला नाही. माणसांपासून दूर, रानातल्या कृंतकांमध्ये (उंदरासारख्या कुरतडणाऱ्या प्राण्यांमध्ये) तो शांतपणे टिकतो. कर्नाटक, आंध्र आणि तमिळनाडू यांच्या सीमेवरचा कोलारचा परिसर असे जुने क्षेत्र म्हणून ओळखला जातो. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठींचे रोगी आढळले आणि सप्टेंबरमध्ये सुरतेत फुप्फुसाचा प्लेग आला. त्याच्या आदल्या वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ ला, लातूर-उस्मानाबाद भागात भूकंप झाला होता. पडक्या आणि सोडलेल्या घरांत धान्य राहिले, उंदीर वाढले, रानातल्या कृंतकांशी त्यांचा संपर्क आला, अशी साखळी अभ्यासकांनी मांडली आहे. देशभरात मृत्यू पन्नासच्या आसपास झाले, पण सुरतेतून लाखो माणसे पळाली आणि भारताच्या निर्यातीला व पर्यटनाला जबर फटका बसला. रोग वेळीच ओळखला तर स्ट्रेप्टोमायसिन किंवा डॉक्सिसायक्लिनने बरा होतो. भीतीचा वेग मात्र १८९६ सारखाच राहिला.

आज पाळत ठेवण्याची पद्धत उंदरांपासूनच सुरू होते. सापळ्यांत पकडलेल्या उंदरांच्या अंगावरच्या पिसवा मोजतात आणि दर उंदरामागे किती पिसवा, हा निर्देशांक काढतात. चिओपिस जातीची सरासरी दर उंदरामागे एकाच्या वर गेली की ते ठिकाण धोक्याचे समजतात. उंदरांचे आणि कुत्र्यांचे रक्त प्रतिद्रव्यांसाठी तपासले जाते. कुत्रे बाधित उंदीर खातात पण सहसा मरत नाहीत, म्हणून त्यांच्या रक्तात रोगाची नोंद राहते. बेळगाव-निपाणीसारख्या पठारी पेठांसाठी ही मोजणी करायचा काळ ठरलेला आहे: पाऊस लागल्यापासून सुगीपर्यंत, धान्याच्या गोदामांत, बाजार आवारांत आणि जुन्या कौलारू गल्ल्यांत. त्या दिवसांत एकाच भागात कारण नसताना बरेच उंदीर मेलेले आढळले, तर ते हातांनी न उचलता आरोग्य खात्याला कळवावे लागतात, आणि त्या भागात पिसवानाशकाची फवारणी उंदरांच्या विषाच्या आधी करावी लागते.